पाटाला पॉलिश नव्हतं

जेवणाच्या टेबलावर पेपरची घडी आणि तिच्यावर आमटीचं पातेलं. दुपारी आवरताना घडी उचलायला गेले तर उठेना. ओढली तेव्हा अर्धा अग्रलेख टेबलालाच राहिला. लाखेच्या पॉलिशला गरम सोसत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे आणि पातेलंही सगळेच ठेवतात.

पॉलिशवाले काका आले. टेबलावरून अंगठा फिरवून म्हणाले, "ताई, पीयू मारून घ्या. उकळता चहा सांडला तरी बघायला नको." पीयू म्हणजे हल्लीचं पॉलियुरेथेनचं पॉलिश. मी म्हटलं, लाखच करा. अजून लँडलाइन ठेवणाऱ्या घराकडे लोक बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

काय करणार, मला तो वास हवा होता. लहानपणी पॉलिशचं काम निघायचं ते पाऊस पुरता हटल्यावर, दिवाळीच्या तोंडावर. दमट हवेत लाख पांढुरकी पडते. चपड्याच्या, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेच्या, तांबूस पापड्या आदल्या रात्री स्पिरिटमध्ये भिजत पडायच्या आणि सकाळी घरभर दवाखाना. आजी नाकाला पदर लावून वावरायची. काचपेपर लाकडाच्या रेषेनेच चालवायचा. आडवा घासला की ओरखडे पॉलिशनंतर हमखास वर येतात. मग गेरू कालवलेल्या खडूपावडरीने बारीक भोकं बुजवायची. आणि मग बोळा. आत कापूस, वर जुनं धोतर. नव्या कापडाने काम होत नाही म्हणे, त्यामुळे त्या दिवसांत आजोबा आपल्या धोतरांवर नजर ठेवून असत. बोळा इंग्रजी आठच्या आकड्यात फिरत राहायचा. हात मध्येच थांबला तर डाग पडतो, म्हणून काकांशी बोलायची आम्हा मुलांना बंदी होती. आम्ही समोर फतकल मारून गप्प बसायचो. एरवी आम्हाला गप्प बसवणं कुणाला जमलं नाही.

ही लाख म्हणजे किड्यांची करणी. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर बसून ते रस शोषतात आणि अंगाभोवती राळ सोडतात. झारखंडात तिचं रीतसर पीक घेतात. पिकांची नावं महिन्यांवरून: कतकी, अगहनी, बैसाखी, जेठवी. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांतही हीच लाख असायची. म्हणजे आजोबांच्या तबकड्या आणि हे टेबल एकमेकांचे भाऊबंदच. दोघांनाही ऊन वर्ज्य, दोघांनाही मुलांचे हात वर्ज्य.

काम छान झालं. साग आतून उजळला. चार दिवस वर काही ठेवू नका, असं बजावून काका गेले आणि त्या चार दिवसांतच घरच्यांनी पारदर्शक जाड प्लास्टिक मापाने कापून आणलं. टेबलावरच्या प्लास्टिकशी माझं जुनं वैर आहे. कोपर टेकलं की उन्हाळ्यात चामडीसकट निघतं. पण बहुमत त्यांच्याकडे. आता लाकूड दिसतं, त्याला हात मात्र लागत नाही.

आजी टेबलावर कधीच जेवली नाही. "पाय लोंबकळत ठेवून कसलं जेवायचं?" ती पाटावर बसायची. त्या पाटाला कुणी पॉलिश केल्याचं मला आठवत नाही. रोज ओलं फडकं फिरायचं आणि रोज कुणीतरी बसायचं, तेवढ्यानेच तो इतका गुळगुळीत झाला होता की पितळी फुल्या बोटाला लागायच्या नाहीत. पावसाळ्यात थंड लागायचा, तेव्हा आम्ही तिच्या बसून उठण्याची वाट बघायचो आणि पळत जाऊन जागा पटकवायचो.

वाटणीत टेबल माझ्याकडे आलं ते सहज नाही. भावाभावांत, नणंदा-भावजयांत बरंच बोलणं झालं, काही जण अजून बोलत नाहीत. पाट कुठे गेला, कुणालाच सांगता येत नाही. तो कुणी मागितलाच नव्हता. मीसुद्धा.