ब्राझील जिंकल्याची गोष्ट मी आता का सांगत नाही

"मॅडम, तुमचं ते ब्राझीलचं लेक्चर बंद का झालं?" जुने विद्यार्थी कुठल्या लग्नात भेटले की हेच. परवा एकीने तर विचारलं, तुमचा ब्राझीलवर राग आहे का? राग नाही. पण इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते.

लेक्चर तुम्हाला आठवतंय, म्हणून थोडक्यात. 2002 मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध तक्रार केली. 1999 ते 2002 या हंगामांत अमेरिकेने आपल्या कापसावर सुमारे साडेबारा अब्ज डॉलर ओतले होते. पश्चिम आफ्रिकेतला बेनिन त्या खटल्यात तिसरा पक्ष म्हणून उभा राहिला. (तिसरा पक्ष भारतही होता, पण ते सांगितलं की गोष्टीतली गंमत जायची, म्हणून मी गाळायचे.) 2005 मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. मग मी आवाज जरा खाली आणून म्हणायचे, समुद्राच्या एका काठावरचा भाऊ दुसऱ्या काठावरच्या भावासाठी लढला. टाळ्या पडायच्या. यवतमाळच्या पोरांना अमेरिका हरलेली आवडणारच.

2014 चा नोव्हेंबर. एका जिनिंगच्या आवारात शेतकरी मेळावा होता, मला बोलावलं होतं. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. हमीभाव 4050 रुपये, आणि व्यापारी ओलाव्याचं कारण सांगून त्याच्या खाली मागत होते. मी तेच लेक्चर दिलं. पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बंडीला कापूस चिकटलेला. माझं बोलणं चालू असताना ते हातातल्या कापसातून एकेक सरकी नखाने मोकळी करत होते आणि खिशात टाकत होते. टाळ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, मंग त्या बेनिनवाल्याले काय भेटलं?"

मी म्हटलं, "काका, ब्राझीलचे शास्त्रज्ञ तिकडच्या देशांना सुधारित वाण देतात, प्रशिक्षण देतात."

"बियानं त आमालेबी भेट्टे. मी भावाचं इचारून राह्यलो."

आणि मी म्हटलं, "ते प्रकरण अजून चालू आहे, काका."

चालू नव्हतं. 1 ऑक्टोबरलाच मिटलं होतं. ब्राझीलने 30 कोटी डॉलर घेतले, खटला सोडला, आणि अमेरिकेचा नवा शेती कायदा लागू असेपर्यंत कापसावरून पुन्हा तक्रार करणार नाही असंही मान्य केलं. पैसे गेले ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेकडे. तिसऱ्या पक्षाला सुनावणीत बोलता येतं, भरपाई मागता येत नाही. सगळं मी वाचलं होतं, कात्रण पर्समध्ये होतं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा सरकी काढायला लागले. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. नाव-गाव विचारायचं मला सुचलं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात! मीही स्वतःला तेच सांगते. खटला ब्राझीलचा, वकील ब्राझीलचे, खर्च ब्राझीलचा. मिळालेलं बेनिनला वाटायला ती काय धर्मशाळा आहे? शिवाय मदत खोटी नव्हती. मालीत बामाकोजवळ सोतुबाला 2009 पासून ब्राझीलने बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांसाठी कापसाचं संशोधन उभं केलं. अमेरिकेशी झालेल्या तडजोडीतही आफ्रिकेतल्या कापसावर खर्च करायची मुभा ठेवलेली होती.

पण ब्राझीलच्या मातो ग्रोसोत यंत्रं कापूस वेचतात आणि बेनिनच्या बनिकोआरात माणसं. 2023-24 च्या हंगामात ब्राझील अमेरिकेला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा कापूस निर्यातदार झाला. म्हणजे ज्याच्यासाठी लढलो म्हणायचं, त्याच्याच बाजारात गाठी विकायच्या. आमच्याकडे दोन भाऊ म्हटले की बांधावरचं भांडण आलंच. कापूसवाल्याची लेक असून मी हे कसं विसरले? त्या वयात मला भाऊ हवे होते, भाऊबंदकी नको होती.

आणि हे नातं तसं कोवळं कधीच नव्हतं. पोर्तुगालात लिस्बनला न चालणारी, ब्राझीलमधल्या बाहियाची हलकी तंबाखू काकवीत बुडवून, वळकट्या करून आजच्या बेनिनमधल्या विदाच्या किनाऱ्यावर जायची आणि तिच्या बदल्यात गुलाम म्हणून माणसं यायची. त्या व्यापारातला बडा आसामी फ्रान्सिस्को फेलिक्स दे सौझा मूळ ब्राझीलचा. तो 1849 मध्ये वारला. त्याचं घराणं बेनिनमध्ये अजून नांदतंय. गुलामीतून सुटून ब्राझीलहून परतलेल्यांचे वंशज आणि गुलाम विकणाऱ्यांचे वंशज, दोघांनाही तिथे एकच नाव आहे: अगुडा. सणाला एकत्र नाचतात म्हणे. मला ते समजत नाही, आणि न समजता टाळ्या घेणं आता जमत नाही.

गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, "मग ब्राझीलने केस करायलाच नको होती का?" करायलाच हवी होती, मी ताडकन म्हटलं. मग फळ्यावर रकाने पाडले: तक्रारदार, प्रतिवादी, तिसरा पक्ष, आणि खाली 'काय मिळालं'. बेनिनच्या रकान्याशी खडू थांबला. शेवटी 'बियाणं' लिहिलं. परीक्षेत त्याला मार्क मिळतील.