अर्धी प्लेट मिसळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली आणि पहिल्यांदा सरच आठवले. कुठले सर ते आमच्या बॅचला सांगायला नको, हातात खडूचा तुकडा आणि तोंडात एकच वाक्य, "अंदाजपंचे नको, फळ्यावर लिही."

नववीत होतो. १० नोव्हेंबर, कोल्हापुरात अंबाबाईच्या किरणोत्सवाचा, म्हणजे मावळतीची किरणं देवळात मूर्तीपर्यंत पोचतात त्याचा, मधला दिवस. कुणीतरी विचारलं, सर किरणं आत्ता येतात आणि परत ३१ जानेवारीलाच का? सरांनी उत्तरच दिलं नाही. पश्चिमेच्या खिडकीच्या फळीला भोक होतं, त्यातनं उन्हाचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडायचा, ५ वाजून ५ मिनिटांनी तो जिथं होता तिथं सरांनी कर्कटकानं चुन्यावर गोल ओरखडला. परत इथं कधी येणार, लिहा! मी लिहिलं पुढच्या वर्षी, बऱ्याच जणांनी संक्रांत. सर म्हणाले सूर्य मागं फिरतो २२ डिसेंबरच्या आसपास, संक्रांतीला नव्हे, तिथपर्यंत ४२ दिवस, पुढं ४२ मोजा, २ फेब्रुवारी, हीच वेळ. चुकलो तर मिसळ माझ्याकडनं.

२ फेब्रुवारीला शाळा सुटली तरी कुणी हललं नाही. ५ वाजून ५ ला ठिपका गोलाच्या चांगला दोन फूट खाली, बाकाच्या पाठीजवळ. आम्ही मिसळ मिसळ ओरडतोय आणि सर गप भिंतीकडं बघत उभे. ठिपका हळूहळू वर सरकत साडेपाचच्या पुढं बरोब्बर गोलात बसला. सर म्हणाले, "तारीख बरोबर, वेळ चुकली. का चुकली ते मला आत्ता सांगता येत नाही." असं वर्गात म्हणणारा मास्तर मी परत बघितला नाही. मिसळ चारली, पण दोघांत एक प्लेट, कट पाहिजे तेवढा. उत्तर आठवड्यानं आणलं, पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली, त्यामुळं सूर्य घड्याळाबरोबर चालत नाही, नोव्हेंबरात पाव तास पुढं, फेब्रुवारीत जवळजवळ तेवढाच मागं.

आता मी शिरोलीला फौंड्रीत क्वालिटी बघतो. कास्टिंगला ब्लोहोल (ओतीव लोखंडात वायूनं पडलेली भोकं) आले की सगळे म्हणणार वाळूत ओल. असेल की, पण मी आधी बोर्डावर लिहून घेतो, ओल कमी करूनही रिजेक्शन उतरलं नाही तर कारण दुसरं. पोरं मागनं मास्तर म्हणतात.

परवा शाळेत डोकावलो. खिडक्या स्लायडिंगच्या, भिंतीला ऑइलपेंट. ओरखडा लागतोय का म्हणून हात फिरवत होतो, तर नवीन शिपाईमामा ओरडले, "ओ साहेब, रंग वला हाय!"