आकडे आणि इतिहास, दोन्ही हवेत

आज सकाळी स्टॅटिस्टिक्सचं लेक्चर आणि दुपारी लगेच इतिहासाचं, आणि दिवसभर डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. सकाळी अमेरिकेतल्या बर्कली युनिव्हर्सिटीच्या १९७३ च्या ॲडमिशनचं उदाहरण झालं. एकूण आकडे बघितले तर मुलांना साधारण ४४ टक्के आणि मुलींना ३५ टक्के प्रवेश, म्हणजे सरळ भेदभावच वाटतो, पण डिपार्टमेंटनुसार बघितलं की तो फरक जवळजवळ उरतच नाही, कारण मुलींचे अर्ज जास्त करून अशा ठिकाणी होते जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं अवघड. इथपर्यंत गणित नेतं. पण मुली त्याच विषयांकडे का वळल्या, शाळेपासून त्यांना काय सांगितलं गेलं, हे त्या टेबलात कुठेच नाही ना! म्हणून मला स्टॅट्ससोबत इतिहास हा दुसरा मेजर (मुख्य विषय) हवाच होता.

लोड आहे, खूप आहे. दोन मेजर एकत्र कसे जमवायचे असं जे विचारतात त्यांना एवढंच सांगेन की स्टॅट्सचे कोर्स आधी लावा, कारण प्रोबॅबिलिटीशिवाय इन्फरन्स (नमुन्यावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढणं) कळत नाही आणि त्याच्याशिवाय रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मांडणं), तिथे एक सेमिस्टर हुकलं की पुढचं सगळं ढकललं जातं, इतिहासाचे पेपर त्यामानाने मागेपुढे करता येतात. आणि कुठले क्रेडिट दोन्हीकडे धरतात ते पहिल्याच वर्षी लेखी विचारून घ्या.

मला थीसिस जुन्या जनगणनांमध्ये बायकांचं काम कसं नोंदवलं यावर करायचाय, मनापासून करायचाय. कोणी असं कॉम्बिनेशन केलं असेल तर गाइड कुठल्या डिपार्टमेंटचा घेतला ते प्लीज सांगा.