लिंबू सरबतातलं सिरप

"भाऊ, औषध डुप्लिकेट आहे," म्हणत वहिनींनी बाटली काउंटरवर ठेवली. साखर पेठेतल्या आमच्या मेडिकलमध्ये मे महिन्यातली भर दुपार. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं ड्राय सिरप, आदल्या संध्याकाळी मीच खुणेपर्यंत पाणी घालून, हलवून दिलेलं. चार वर्षांचा मुलगा, घसा सुजलेला. अमॉक्सिसिलिनने पूर्वी अंगावर पुरळ उठलेलं, म्हणजे पोरं त्यातल्या त्यात गुमान घेतात ते औषध बाद.

रात्रीचा डोस त्याने घेतला होता, सकाळचा थुंकला. खोदून विचारल्यावर कळलं: बाटली रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी डोस लिंबू सरबतात. बाईंनी डोकं लावूनच केलं होतं. बरीच सिरपं फ्रीजमध्येच ठेवायची असतात आणि गारव्याने चव बोथटते. पण हे औषध मुळात जहर कडू. त्याच्या बारीक कणांवर लेप देऊन कडूपणा आत कोंडलेला असतो. आंबटात तो बाहेर येतो, चावलं तरी येतो. फ्रीजमध्ये सिरप दाट होतं, ते वेगळंच. फ्रीज नको हे मी तोंडी बजावलं होतं, पण बाटली न्यायला आल्या होत्या सासूबाई. लेबलवर छापलेलं असतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. ते कोणासाठी छापतात, देव जाणे!

नवी बाटली दिली. ठेवायची माठाशेजारी, सावलीत. आधी जिभेवर लोणी-साखर, मग सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं, लगेच पाणी. अख्ख्या ग्लासभर दुधात कालवायचं नाही. पोरगं अर्धा ग्लास ठेवतं आणि डोस किती गेला ते कळत नाही. कोणता गाल, हे त्यालाच ठरवू द्या, असंही सांगितलं. जमलं.

कोर्स मोठा, बाटली ३० मिलीची, ती संपली. तोवर स्टॉकिस्टकडे त्या कंपनीचा माल नव्हता. औषध तेच, ताकद तीच, कंपनी दुसरी. पोराने पहिल्याच थेंबाला तोंड फिरवलं.

आमच्याकडे येणारे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, फ्लेवरची नावं पाठ म्हणून दाखवतात. त्यातल्या एकापुढे मी चमचा धरला, तर साहेब हसून बॅग आवरायला लागले. आता कोर्स मोठा असेल तर लागतील तेवढ्या बाटल्या एकाच कंपनीच्या बाजूला काढतो. जास्तीच्या कोरड्याच ठेवतो, पाणी लागेल तेव्हा घालून देतो.