जुन्या कन्सोलसाठी नवं कार्ट्रिज हवंय

गेल्या आठवड्यात मी दादाचं कार्ट्रिज, म्हणजे व्हिडिओ गेमच्या कन्सोलमध्ये खोचायची डबी, उघडलं. सुपर निन्टेंडो या जुन्या कन्सोलवरचं, ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘अ लिंक टू द पास्ट’ या गेमचं. गेम नीट सुरू व्हायचा, पण कन्सोल बंद केला की सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, गायब. सेव्हच्या तीन स्लॉटपैकी पहिला दादाचा, दुसरा माझा आणि तिसऱ्याला कुणीच हात लावायचा नाही, ही आमची लहानपणापासूनची वाटणी. आता तिन्ही रिकामे होते.

या कार्ट्रिजचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरला दाद देत नाहीत. त्याला ३.८ मिलिमीटरचा, टोकाला पोकळ असलेला खास ड्रायव्हर लागतो. तो मी मुद्दाम घेऊन ठेवलाय. आत तळहाताएवढासुद्धा नसलेला हिरवा बोर्ड. त्यावर अख्खा गेम ज्यात आहे ती रॉम चिप, शेजारी ८ किलोबाइटची छोटी मेमरी, जिच्यात सेव्ह राहतो, आणि एक गोल चपटी बॅटरी. कन्सोल बंद असताना या छोट्या मेमरीला ती बॅटरी वीज पुरवते, म्हणून सेव्ह टिकतो. बॅटरी संपली की सेव्ह संपला. मीटर लावला तर ३ व्होल्टच्या जागी १.३. दादाने शेवटच्या लढाईच्या आधी करून ठेवलेला सेव्ह त्या बॅटरीने इतकी वर्षं सांभाळला होता. आम्ही कपाट बदललं, घर बदललं, आणि ती मात्र अंधारात आपलं काम करत राहिली.

जुनी काढली, पट्ट्या लावलेली नवी बसवली, सोल्डरिंगचे दोन ठिपके दिले आणि कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख लिहिली. पुढे कधी कुणी उघडलं तर त्याला कळावं, बॅटरी किती जुनी आहे ते.

हे सगळं करताना एकच विचार डोक्यात घोळत होता. बॅटरी मी बदलू शकते. उद्या रॉम चिपच गेली तर? ती कुठेच बनत नाही. माझ्या हातातल्या वस्तूला पर्याय म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी हातातली तेवढीच म्हातारी वस्तू शोधायची, एवढाच मार्ग उरतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ज्या कंपन्यांकडे या गेम्सचे हक्क आहेत, त्यांनी ते जुन्या कन्सोलसाठी, खऱ्या कार्ट्रिजवर, पुन्हा काढावेत.

जुनंच शोधायला गेलं की काय होतं, ते मी अनुभवलंय. याच गेमचं दुसरं कार्ट्रिज राखीव म्हणून घेतलं होतं. लेबल जरासं फिकट वाटलं, पण म्हटलं जुनं असेल. रात्री खेळले, दुसऱ्या दिवशी सेव्ह नाही. उघडून पाहिलं तर बोर्डावर एक काळा डांबरी गोळा आणि बॅटरीची जागा मोकळी. चक्क नकली. विकणाऱ्याने खरं म्हणून विकलं आणि मीही खरं समजून आनंदाने घेतलं. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण पैसे द्यायची माझी पूर्ण तयारी होती. ते पैसे ज्यांनी गेम बनवला त्यांच्याकडे जाण्याचा रस्ताच कुणी ठेवलेला नाही.

“आता कुठे कुणी कार्ट्रिज काढतं!” असं कुणी म्हणालं की मी एक जुनी गोष्ट सांगते. १९८६ साली जपानमध्ये फॅमिकॉमसाठी, म्हणजे निन्टेंडोच्या त्याआधीच्या कन्सोलसाठी, डिस्क सिस्टिम आली, तेव्हा दुकानांत यंत्रं ठेवली होती. आपली डिस्क घेऊन जायचं, त्यावर हवा तो गेम लिहून घ्यायचा. पहिला ‘झेल्डा’ मूळचा त्या डिस्कवरचाच. पुढे १९९४ मध्ये निन्टेंडोने तोच गेम फॅमिकॉमच्या कार्ट्रिजवर नव्याने काढला. सुपर फॅमिकॉम (सुपर निन्टेंडोचं जपानमधलं नाव) येऊन तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती, तरीही जुन्या यंत्रासाठी काढला. १९९७ पासून सुपर फॅमिकॉमलाही तशी सोय झाली: पुन्हा पुन्हा लिहिता येणारं एक कार्ट्रिज आणि त्यात गेम भरून देणारं दुकानातलं यंत्र. ही सेवा २००७ पर्यंत चालली. सुपर फॅमिकॉमचं उत्पादन थांबलं २००३ मध्ये. म्हणजे कन्सोल बनणं बंद झाल्यावरही त्यासाठी गेम भरून मिळत होते! हे वाचलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता. जे एकदा झालं आहे ते अशक्य नसतं.

डिजिटल आवृत्ती आहे की, मग कार्ट्रिजचा हट्ट कशाला, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो. डिजिटलला माझा विरोध नाही, ज्यांच्याकडे कन्सोल नाही त्यांना ती हवीच. पण ती टिकते किती, ते आपण पाहिलंय. निन्टेंडोच्याच वी या कन्सोलचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं. वी यू आणि थ्रीडीएस या नंतरच्या यंत्रांवरची खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली: अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकतच मिळत नव्हते. शंभरातले सत्त्याऐंशी. एखाद्या भाषेतली इतकी पुस्तकं छापण्याबाहेर गेली असती तर केवढा आरडाओरडा झाला असता.

शिवाय हे गेम बनले त्या यंत्रासाठी आणि जुन्या काचेच्या टीव्हीसाठी. ‘डक हंट’ या नेमबाजीच्या गेमची बंदूक नव्या सपाट टीव्हीसमोर चालतच नाही, कारण चित्र दिसायला होणारा अगदी किंचितसा उशीरही तिला चालत नाही. बंदूक नसलेल्या गेममध्येही तो उशीर बोटांना कळतो. उडी बटण दाबताक्षणी पडायला हवी, ती थोडी मागाहून पडते. ज्याने मूळ यंत्रावर शेकडो तास घालवलेत, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि कंपन्यांसाठी हे काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. नव्या रूपात गेम काढायचा तर मूळ कोड लागतो आणि तो अनेकांनी जपलेला नाही. ‘सायलेंट हिल’चे दोन गेम २०१२ मध्ये एचडी रूपात आले, तेव्हा त्यांच्या अंतिम आवृत्तीचा कोडच हाती नव्हता, अर्धवट कोडवरून काम करावं लागलं. त्याचे परिणाम खेळणाऱ्यांनी भोगले. जुन्या कार्ट्रिजवर पुन्हा काढायचं तर मूळ रॉममधला डेटा जसाच्या तसा उतरवला की झालं. मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. मोबाइलमधला एक फोटो त्याच्या कित्येक पट मोठा असतो.

अडचणी नाहीत असं नाही. काही कार्ट्रिजमध्ये खास चिप असायची, ‘स्टार फॉक्स’मधली सुपर एफएक्स सगळ्यांना आठवत असेल. ती आज नव्याने घडवावी लागेल. परवान्याचे गुंतेही असतात. पण मला खरी काळजी आहे ती बनवण्याच्या दर्जाची. जुने कन्सोल ५ व्होल्टवर चालतात, आजच्या बऱ्याच मेमरी चिप ३.३ व्होल्टच्या असतात. मधे व्होल्टेज जुळवणारा भाग टाकायचा कंटाळा केला की चिपवर ताण येतो आणि कन्सोलवरही. २०१७ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’चं सुपर निन्टेंडोसाठी अधिकृत परवान्याचं नवं कार्ट्रिज निघालं, तेव्हा विक्रीच्या पानावरच इशारा होता की यामुळे कन्सोल तापू शकतो किंवा पेट घेऊ शकतो. तीस वर्षं जपलेलं यंत्र मी असल्या वस्तूच्या हवाली करणार नाही. आणि त्याच्या प्रती किती, तर ५,५००. काचेच्या कपाटात ठेवायला काढल्यासारख्या.

मला कपाटासाठी नकोय, खेळायला हवंय. ठरावीक महिने मागणी नोंदवून घ्या, जेवढी येईल तेवढेच बनवा, आणि दोन वर्षांनी पुन्हा नोंदणी उघडा. स्वतःला जमत नसेल तर नीट काम करणाऱ्या छोट्या मंडळींना परवाना द्या. सोनेरी डबा, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, पितळी नाणं, काही नको. व्होल्टेज बरोबर ठेवा, कडा नीट घासा म्हणजे कन्सोलच्या पिना झिजणार नाहीत, आणि बॅटरी सोल्डर न करता खाचेत बसवा, म्हणजे कुणालाही बदलता येईल. वापरणाऱ्याचा इतका विचार केलेला असेल तर मी थांबायला तयार आहे, वर्षभर लागलं तरी.

परवा बॅटरी बसवल्यावर मी खेळ सुरू केला तो दुसऱ्या स्लॉटमध्ये. पहिल्यात नाव घालायला हात धजला नाही. नवं कार्ट्रिज निघालं तर मी दोन मागवणार आहे, त्यातलं एक दादाला पाठवायला. त्याचा कन्सोल अजून चालू आहे, कालच फोन करून विचारलं.