मुंबई वजा सात, अधिक टाकी

आमच्या घरात संकष्टीचा उपवास मुंबईच्या वेळेतून सात मिनिटं वजा करून सुटतो. नियम आईचा. स्वयंपाकघराच्या दारामागं कॅलेंडर लटकलेलं असतं. वद्य चतुर्थीच्या चौकटीत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती मुंबईची. आम्ही बेळगावचे, त्यातही वडगावचे, म्हणजे मुंबईपेक्षा जरा पूर्वेला. चंद्र आमच्याकडे आधी येणार, हे आईला कुणी सांगितलं ठाऊक नाही. पण सात हा आकडा तिनं एकदा धरला तो धरलाच.

खरं तर वजाबाकीची गरजच नाही. गावोगावच्या चंद्रोदयाचं कोष्टक छापून येतंच. मुंबई, ठाणे, पुणे अशी सुरुवात होते, मग रत्नागिरी, कोल्हापूर, सातारा, आणि पार खाली, इंदूर-ग्वाल्हेरच्या आसपास कुठंतरी, बेळगाव. मला त्या जागेची भारी गंमत वाटते. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारदरबारी बेळगावी झालो. कोष्टकवाल्यांना कुणी कळवायचं राहून गेलेलं दिसतंय. आईनं मात्र त्या कोष्टकात कधी डोकं घातलं नाही. अक्षर बारीक असतं म्हणते. मला वाटतं, वजाबाकी तिची स्वतःची होती, ती तिला मोडायची नव्हती.

एका रिकाम्या दुपारी मी वर्षभराच्या बारा संकष्ट्या काढून बसलो. अधिक मास असता तर तेरा झाल्या असत्या. मुंबई आणि बेळगाव यांच्या रेखांशात दीड अंशाहून थोडा जास्त फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साडेसहा. आईचे सात बरोबर, असं म्हणून कागद मिटणार होतो, तर आकडे काही ऐकेनात. वैशाखात फरक बारा-तेरा मिनिटांवर गेलेला आणि कार्तिकात दोन्हीकडे चंद्र जवळजवळ एकाच वेळी. मग डोक्यात उजेड पडला. वैशाखातल्या संकष्टीचा चंद्र दक्षिणेला कललेला असतो. बेळगाव मुंबईच्या पूर्वेला आहे तसं दक्षिणेलाही आहे, त्यामुळं आम्हाला दुप्पट फायदा. कार्तिकात तो उत्तरेला सरकतो आणि पूर्वेकडं असल्याची आमची सगळी कमाई मुंबई तिकडून वसूल करून घेते. वर्षाची सरासरी मात्र साडेसहाच्या घरात. आई वर्षानुवर्षं सरासरीवर जेवत होती.

हे मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं. वैशाखात आधीच चंद्र साडेदहाच्या सुमाराला उगवतो, भुकेनं जीव मेटाकुटीला आलेला असतो, आणि तू पाच-सहा मिनिटं उगाच थांबत होतीस, वगैरे.

"थांबले तर काय झालं? येऊन जरा वर चढू दे की त्याला," आई म्हणाली आणि शेंगा भाजायला लागली.

उपवासाचा दिवस कसा जातो याचं फार वर्णन करत नाही, मराठी घरात ते सगळ्यांना पाठ आहे. साबूदाणा रात्री भिजतो, सकाळी कुणीतरी पाणी जास्त झालं म्हणून बोलणी खातं. आमच्या भागाचं म्हणून सांगायचं तर रताळी. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या तांबड्या मातीत आणि खानापूरकडं ती एवढी पिकतात की हंगामात बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि इथून ट्रक थेट दिल्लीकडं जातात. त्या दिवसांत आमच्याकडं खिचडीला सुट्टी असते. उकडलेलं रताळं, वर तूप, चिमूटभर मीठ. एक वाद मात्र आमच्या घरात कायमचा आहे: कुंदा उपवासाला चालतो का? दूध आणि साखर, दोन्ही चालतात, मग दोन्ही मिळून का चालू नयेत, असं आमच्या वडिलांचं म्हणणं. दुकानातल्या कढईत आणखी काय काय पडतं ते कुणी बघितलंय, असं आईचं. संकष्टीला कुंद्याचा पुडा नेमका वडिलांच्याच हातून घरी यायचा आणि रात्री चंद्र उगवेपर्यंत फळीवर त्यांच्याकडं बघत बसायचा.

लहानपणी चंद्र बघायचं काम माझ्याकडं होतं. आरती झालेली, एकवीस दूर्वांची जुडी गणपतीवर, ताटात मोदक, आणि चुलीवर येळ्ळूरच्या शिवारातल्या बासमतीचा भात. आमच्याकडचा हा बासमती दाणा लांब नसतो, पण शिजायला लागला की गल्लीच्या टोकापर्यंत कळतं. त्या वासात, रिकाम्या पोटी, आई हाक मारायची, "चंद्र आला काय बघ की वर जाऊन!" मी गच्चीवर. खाली विणकरांच्या मागांचा खडखडाट चाललेला, वर मी पूर्वेकडं तोंड करून.

आमच्याकडं चंद्र बैलहोंगलच्या बाजूनं येतो. ढग येतात आंबोली-चंदगडकडून. म्हणजे चंद्र कानडी मुलखातून आणि त्याला झाकायला ढग मराठी मुलखातून. पावसाळ्यात हे ढग चांगलेच जोरात असतात. आषाढ-श्रावणात मी गच्चीवर छत्री घेऊन उभा, आणि वर आभाळ म्हणजे नुसतं काळं घोंगडं. अशा वेळी पंचांगातली वेळ झाली की चंद्राच्या दिशेला अर्घ्य देऊन उपवास सोडायचा, ही सोय शास्त्रानं ठेवलेली आहे. आई ती वापरायची, पण मनापासून नाही. वेळ उलटून गेल्यावरही एकदा दार उघडून बघायची, आणि मग ताट घ्यायची.

चतुर्थी आणि चंद्र यांचं नातं आहेही मोठं विचित्र. गणपती पडला, चंद्र हसला, गणपतीनं शाप दिला. म्हणून भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्राचं तोंड बघायचं नाही, बघितलं तर चोरीचा आळ येतो. आणि दर वद्य चतुर्थीला त्याच चंद्राला बघितल्याशिवाय घास गिळायचा नाही. भाद्रपदातला चंद्र चुकून दिसलाच तर उपाय असा, की शेजाऱ्याच्या कौलांवर खडा टाकायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या, म्हणजे दोष जातो. एका वर्षी मला दिसला. मी तत्परतेनं शेजारच्या अक्कांच्या कौलांवर खडा टाकला. अक्का बाहेर आल्या आणि त्यांनी जी सुरुवात केली ती सगळी कानडीत. मला निम्म्याहून जास्त कळलंच नाही. रडत घरात आलो आणि आजीला विचारलं, न कळलेल्या शिव्यांनी दोष जातो का?

"शिवी ती शिवी. भाषा कसली बघतोस?" आजी म्हणाली.

या अक्कांच्या घरात संकष्टी नाही. त्यांच्याकडं सोमवार असतो, आणि अमाशी मोठी. अमावास्येला त्यांच्या घरातून होळग्यांचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, वास यायचा आणि मधल्या भिंतीवरून दोन-चार आमच्याकडंही यायच्या. म्हणजे चंद्र अजिबात नसेल तेव्हा त्या गोड करणार आणि चंद्र उशिरा येईल तेव्हा आम्ही उपाशी बसणार. आई आणि अक्का यांचं बोलणं आजही तसंच चालतं: आई मराठीत, अक्का कानडीत, मध्ये शेंगा, चहा, दवाखाना असे दोघींचे सामाईक शब्द. शेंगांना आमच्या बाजूच्या कानडीतही शेंगाच म्हणतात, त्यामुळं चटणीच्या विषयात तर दुभाषा लागतच नाही.

अक्कांची कौलं जाऊन स्लॅब आला. मग वर एक मजला. चार वर्षांपूर्वी मुलानं आणखी एक मजला चढवला आणि त्याच्यावर पाण्याची काळी टाकी बसवली. घर त्यांचं आमच्या पूर्वेला. टाकी नेमकी चंद्राच्या वाटेत. पहिल्या संकष्टीला आम्ही गच्चीवर उभे, वेळ होऊन गेलेली, टाकीच्या मागं नुसता फटफटीत उजेड, आणि चंद्र काही बाहेर येईना. आला तेव्हा घड्याळात दहा मिनिटं जास्त झालेली. घरात कुणीतरी टाकीबद्दल तक्रार करायची भाषा काढली. आईनं ती तिथंच थांबवली. तिनं फक्त हिशेब बदलला. मुंबई वजा सात, अधिक टाकी दहा.

हे गणित दोन-तीन महिने चाललं. मग एका संध्याकाळी अक्कांनी विचारलं, रोज जेवून घेता, आज एवढ्या रात्री गच्चीवर काय करता? आईनं टाकीकडं बोट केलं आणि आकाशाकडं. अक्कांना कळलं असावं. कारण पुढच्या संकष्टीला, आई ताम्हण घेऊन जिना चढत होती तेवढ्यात, वरून, टाकीच्या शेजारून, आवाज आला.

"वैनी! चंदप्पा बंदा नोड्री!"

चंद्र आला बघा. आई घुटमळली. दुसऱ्यानं बघितलेल्या चंद्रावर उपवास सोडता येतो का, हे कुठल्या पोथीत असेल ते असो. मी म्हटलं, खाली जाऊन पंचांग बघू का? ढगांची सोय टाकीला लागू होत असेल. तिनं मला हातानं गप्प केलं, पदर सारखा केला आणि टाकीच्या दिशेनं अर्घ्य दिलं. हळद-कुंकू, अक्षता, फूल, सगळं त्या काळ्या प्लास्टिकसमोर. टाकीच्या कडेला पिवळट उजेडाची रेघ होती, तिलाच हात जोडले.

तेव्हापासून असंच चाललंय. अक्कांचे गुडघे दुखतात, तरी महिन्यातून एकदा त्या रात्री दोन मजले चढतात. एखाद्या वेळी विसरल्या तर आई खाली अंगणातून नुसतं खोकते. मागच्या वैशाखात पावणेअकरा वाजत आले होते, गल्लीत सामसूम, माग बंद. अक्कांनी हाक मारली, आईनं टाकीला नमस्कार केला आणि वळणार, तर वरून पुन्हा आवाज.

"उटा आतेन्री, वैनी?"

जेवण झालं का. आई ताम्हण हातात घेऊन मान वर करून उभी.

"इन्ना इल्री अक्का," ती म्हणाली, "आत्ता तर आलाय की तो."