पाण्याचा माणूस

जुन्नरची लेणी दाखवायला लागून मला नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात गाइडची कॅसेट तयार होते. कुठे थांबायचं, कुठे विनोद टाकायचा, नाणेघाटातल्या दगडी रांजणापाशी आवाज किती चढवायचा, सगळं ठरलेलं. मार्चमधल्या एका बुधवारी कल्याणहून चौदा जणांचा ग्रुप आला आणि त्यातल्या एका काकांनी ती कॅसेट पार विस्कटून टाकली.

काका पालिकेच्या पाणीखात्यातून रिटायर झालेले. माकडं चुकवत लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढलो. गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे मुळात वीस खोल्यांचा विहार, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं राहायचं ठिकाण, आणि एवढ्या मंडपाला मध्ये एकही खांब नाही, हे माझं हुकमी वाक्य. शेजारच्या चैत्यगृहावरचा, म्हणजे भिक्षूंच्या प्रार्थनागृहावरचा शिलालेख तर कल्याणकरांसाठी राखूनच ठेवला होता: कल्याणच्या हेरणिकाचा (सोनार किंवा खजिनदार) मुलगा सुलसदत्त, त्याचं हे दान. ग्रुप खूश. काका मात्र गायब.

सापडले ते एका टाक्यावर ओणवे, मोबाइलचा टॉर्च आत सोडून.

"तोंड एवढंसं आणि पोट बघा केवढं. ऊन लागत नाही, पाणी उडत नाही. आणि ही पन्हळ पाहिलीत?"

वरच्या कातळात बोटभर रुंद खाच तिरकी उतरत आली होती. पावसात कड्यावरून ओघळणारं पाणी वळवून टाक्यात सोडणारी. त्या खाचेत मी नऊ वर्षं माझी काठी टेकवून ठेवत आलोय.

मग मीही खुललो. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात, इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, जुन्नरच्या लेण्यांत दोन पोढ्या दान दिल्यात, धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांच्या लेण्याबरोबर एक दिली, मानमोडीच्या डोंगरावर क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य (मंत्री) अयम याने लेखात नोंदलेल्या 'वर्ष ४६' मध्ये मंडप आणि पोढी करवली, असं सगळं सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे लेणं दिलं तरी नळजोडणीसकट!"

दुपारी कुकडेश्वराचं देऊळ करून नाणेघाट गाठला आणि गाडीतून उतरल्यावर माझ्या पोटात गोळा आला. वीस लिटरचा पाण्याचा जार जुन्नरच्या हॉटेलच्या ओसरीतच राहिला होता. चूक सर्वस्वी माझी. आडवार असल्याने टपऱ्या बंद, ऊन रणरणतं, एका आजींच्या ओठांना कोरड पडलेली.

काका काही बोलले नाहीत. ओळीने टाकी बघत गेले. दोन नापास केली. तिसऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं, उन्हात धरून पाहिलं. पंचाची चौपदरी घडी करून बादलीत गाळलं आणि खिशातून चक्क क्लोरीनच्या गोळ्या काढल्या. रिटायर होऊनही!

"आता अर्धा तास कुणी हात लावायचा नाही."

तो अर्धा तास सगळे गुहेच्या सावलीत बसले. एरवी तिथे लोक सेल्फी काढून पाच मिनिटांत बाहेर पडतात. त्या दिवशी पळायला जागाच नव्हती. मागच्या भिंतीवरच्या सातवाहन राजघराण्याच्या मूर्तींचे आता जेमतेम पाय उरलेत, वरची ब्राह्मीतली नावं तेवढी शिल्लक. सिमुक सातवाहन, नागनिका, सिरी सातकनी. एकेक नाव बोटाने हवेत गिरवून वाचलं. बाजूच्या भिंतींवरच्या लेखातली यज्ञांची दक्षिणा सांगितली, गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं म्हणजे नाणी. आजी म्हणाल्या, "एवढं दिलं, पण प्यायला दिलं ते हेच खरं." तेवढ्यात काकांनी घड्याळ बघून मान डोलावली.

पाण्याला क्लोरीनचा वास येत होता. चौदाही जण दोन-दोन ग्लास प्याले.

निघताना रांजणापाशी मी सवयीने सुरू झालो, "यात जकातीची नाणी टाकत..." काकांनी आत वाकून पाहिलं, काठावरून हात फिरवला.

"असेलही. पण साहेब, घाट चढून आलेल्या माणसाकडे आधी पैसे मागाल की पाणी द्याल?"

मला उत्तर सुचलं नाही. हल्ली रांजणापाशी मी दोन्ही सांगतो.

संध्याकाळी जुन्नरला परतलो. जार ओसरीत तसाच, भरलेला, आणि त्याच्यावर माझीच टोपी.